दोन चऱ्होली, एक नदी : वाळूचा कायदा आणि आपण सभासद



गळीत हंगामाची धामधूम संपली, की कारखान्याचा गाडीतळ एकदम ओस पडतो. टोळ्या आपल्या गावी जातात, बैलगाड्यांचे तळ उठतात, ट्रॅक्टर आपापल्या दारात जाऊन उभे राहतात. बँकेचा हप्ता मात्र उभा राहात नाही. तो दर महिन्याला चालतच असतो. मग घरात विषय निघतो, की उन्हाळ्याचे चार महिने ट्रॅक्टरला काम काय? आणि नेमक्या याच वेळी कोणीतरी दारात येऊन सांगतो, "पाव्हणं, ट्रॉली रिकामीच हाय ना? चार खेपा मारा की."

अशाच चार खेपांची गोष्ट घेऊन एक तरुण वाहतूकदार सभासद गेल्या हंगामाच्या तोंडावर आमच्याकडे आला. ऊस तोडणी-वाहतुकीचा करार झालेला, उचल घेतलेली, त्यातली निम्मी मुकादमाला दिलेली, टोळी निघण्याच्या बेतात. आणि ट्रॅक्टर कुठे, तर एका तहसील कचेरीच्या आवारात, मे महिन्यापासून. टायरला गवत वेढलेले.

"मालक म्हनला पास हाय. मी काय पास बगितला न्हाई," तो खाली मान घालून सांगत होता. "खेपंला पंधराशे मिळत हुते. आता आण्णा, तुमीच सांगा, कारखान्याला ऊस कशानं आणू?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. परंतु प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, हे उघड होते. कार्यक्षेत्रात गेल्या काही वर्षांत असे आणखी काही ट्रॅक्टर अडकले. म्हणून आम्ही ठरविले, की वाळूचा हा कायदा आहे तरी काय, तो कोणी केला, तो राबवायचा कोणी आणि ऊस पिकविणाऱ्या माणसाचा त्याच्याशी संबंध काय, हे एकदा समजून घ्यावे आणि आपल्या सभासदांपुढे मांडावे. त्यासाठी आम्ही चऱ्होलीला गेलो.

चऱ्होलीलाच का?

इंद्रायणी लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावते, मावळातून वाहात देहूला येते, पुढे आळंदीला जाते आणि आळंदी मागे टाकली की चऱ्होलीला पोहोचते. तिथून तुळापूर फार लांब नाही. तुळापूरला ती भीमेला मिळते. चऱ्होली गावे दोन. बुद्रुक एका काठाला, खुर्द दुसऱ्या काठाला. मधे एकच नदी.

परंतु सरकारच्या दप्तरात या दोन काठांची दोन राज्ये आहेत. चऱ्होली बुद्रुक हवेली तालुक्यातले. १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द वाढली, तेव्हा मोशी, चिखली, डुडुळगाव या गावांबरोबर तेही शहरात गेले. ग्रामपंचायत संपली, ग्रामसभाही संपली. चऱ्होली खुर्द खेड तालुक्यात. तिथे ग्रामपंचायत आहे, सरपंच आहेत, ग्रामसभा भरते. बांधकामाचे नियोजन अलीकडे महापालिकेकडे, तर पलीकडे २०१५ साली स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. पोलिसांचे मात्र एक बरे आहे. २०१८ साली पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झाले आणि दिघी, आळंदी, चाकण ही ठाणी त्या एकाच आयुक्तालयात आली.

तेव्हा नदीच्या मधोमध कोणी घमेले घेऊन उभा राहिला, तर तो नक्की कोणाच्या हद्दीत आहे, हे ठरविण्यासाठी मोजणी बोलवावी लागेल! वाळूच्या नियमनातली सगळी अडचण या एका ठिकाणी डोळ्यांना दिसते. म्हणून चऱ्होली.

आबांची नदी

वाघेश्वराच्या टेकडीखाली आम्हांला एक वयोवृद्ध सभासद भेटले. सारे गाव त्यांना आबा म्हणते. आबांचे शेत नदीकाठी आहे. आता त्याच्या एका अंगाला दहा मजली इमारती आल्या आहेत. तरीही आबांनी दीड एकर खोडवा राखला आहे. "जीव ऱ्हात न्हाई म्हून," असे त्यांचे कारण.

आम्ही वाळूचा विषय काढताच आबा हसले. म्हणाले, "आवं, वाळू हुती तवा हुती. उन्हाळ्यात पात्रात टरबुजाच्या वाड्या लावायची लोकं. बायका हातानं झिरा खणायच्या. हातभर उकरलं की काचंवानी पानी. त्यो हंडा तसाच घरात प्यायला. आता त्या पान्यात पाय घालायला बी नको वाटतं."

आबांच्या या बोलण्यात नदीचे सारे शास्त्र आले आहे. ते जरा उलगडून पाहू.

आपला मुलूख काळ्या पाषाणाचा. हा दगड झिजला, की त्याची बहुतांशी काळी माती होते, वाळू थोडीच होते. त्यामुळे आपल्या नद्यांना वाळू मुळातच बेताची आणि ती साठायला पिढ्यान् पिढ्या लागतात. त्यात वर धरणे झाली. इंद्रायणीच्या खोऱ्यात आंद्रा आणि वडिवळे, शेजारी भामेवर भामा आसखेड, भीमेवर चासकमान. या धरणांनी आपल्याला पाणी दिले, त्यांचे उपकार आपण विसरणार नाही. परंतु पुराबरोबर येणारी वाळू धरणाच्या पोटात अडते, हेही तितकेच खरे. म्हणजे जमेची बाजू आटली आणि खर्चाची बाजू चालूच राहिली. असा खातेउतारा कोणत्या सोसायटीत टिकेल?

आता वाळूचे काम काय ते पाहा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. त्यात वाळूच्या कणाकणांमधली मोकळी जागा साधारण ३० घनफूट धरा. तिथे पाणी बसते. हे पाणी सुमारे साडेआठशे लिटर भरते. सगळेच्या सगळे झऱ्याने बाहेर येत नाही, हे मान्य. तरीही एक ब्रास वाळू नदीतून उचलली, म्हणजे साडेआठशे लिटरची एक टाकीच आपण उचलून नेली, असे समजायला हरकत नाही. काळ्या पाषाणात खाली पाणी साठायला जागा थोडी, म्हणून पात्रातली ही वरची टाकी आपल्या विहिरींना फार मोलाची. पात्र खोल गेले, की काठच्या विहिरीचे पाणी पात्राकडे ओढले जाते, जॅकवेलचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो, आणि आपण म्हणतो, यंदा पाऊस कमी झाला!

दुसरे असे, की पात्रात खड्डा पडला, की नदी तो भरण्यासाठी वरची आणि बाजूची माती ओढते. काठ कोसळतो. त्या काठावर आपलाच ऊस असतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याखालची वाळू गेली, तर त्याच्या पायाला धोका. पुलाचेही तेच. आबांच्या बांधाची दोन चाकोऱ्या जमीन अशीच नदीत गेली. सातबाऱ्यावर ती अजून आहे. कसायला नाही.

कायदा कोणाचा?

पुष्कळांचा समज असा, की नदी गावाची, म्हणून वाळूही गावाची. तसे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम २० प्रमाणे नदीनाल्यांची पात्रे सरकारची. कलम ४८ प्रमाणे खनिजांवर हक्क सरकारचा, आणि परवानगीवाचून खनिज काढले तर दंडही त्याच कलमात.

त्यावर केंद्राचा खाण व खनिज अधिनियम, १९५७. त्याने साधी वाळू, मुरूम, दगड यांना 'गौण खनिज' म्हटले आणि त्यांचे नियम करण्याचा अधिकार कलम १५ ने राज्याला दिला. गौण म्हणजे बिनमहत्त्वाचे, असा अर्थ कोणी घेऊ नये. कागदावर ते गौण आहे, घर बांधणाऱ्याला आणि नदीला नाही. या अधिकारात राज्यात आधी १९५५ चे मुंबई गौण खनिज उत्खनन नियम चालत असत. २०१३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्राचे नवे नियम आले.

तिसरा थर पर्यावरणाचा. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपककुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सांगितले, की पाच हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी हवी. त्यापूर्वी मोठ्या पट्ट्याचे तुकडे करून मंजुरी चुकविण्याची वाट मोकळी होती. मग केंद्राने १५ जानेवारी २०१६ ची अधिसूचना काढली आणि प्रत्येक जिल्ह्याने 'जिल्हा सर्वेक्षण अहवाल' तयार करावा असे ठरविले. कोणत्या नदीत किती वाळू आहे, दर वर्षी किती नवी येते, कुठून काढता येईल, कुठून मुळीच नाही, हे त्या अहवालात असावे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. नदीत वाळू पुन्हा किती भरते याचा अभ्यास नसेल, तर तो अहवाल अपुरा, आणि त्यावर मंजुरी देता येणार नाही. जमा किती ते पाहूनच खर्च करा, हे आपल्या आजीचे शहाणपण न्यायालयाला निकालात लिहावे लागले, एवढेच!

केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत खोलीची मर्यादा आहे : ३ मीटर किंवा पाण्याची पातळी, यांतील जे कमी असेल ते. काठापासून अंतर सोडावे, पुलाच्या वरखाली पुरेसे अंतर सोडावे, पावसाळ्यात उपसा बंद ठेवावा. हे सारे नियम नदीच्या हिताचे आणि म्हणून आपल्याही हिताचे आहेत.

धोरणांची वर्दळ

आता खरी गंमत येथे आहे. नियम चांगले, परंतु धोरण सारखे बदलते. २०१० नंतर राज्याने वाळूची धोरणे किती वेळा बदलली हे मोजायला बोटे कमी पडतात. २०१३ च्या धोरणात लिलावापूर्वी ग्रामसभेची शिफारस घेण्याचे होते. मग २०१८, २०१९, २०२२ ची धोरणे झाली. १९ एप्रिल २०२३ च्या धोरणाने लिलाव बंद केले, शासनाने स्वतः वाळू काढून डेपोत आणायची आणि ६०० रुपये ब्रासने लोकांना द्यायची असे ठरले. सामान्य माणसाला ही कल्पना आवडली. पण डेपोपासून घरापर्यंतचे भाडे, वाळूची टंचाई आणि ऑनलाइन नोंदणी यांत पुष्कळांची दमछाक झाली. ८ एप्रिल २०२५ च्या धोरणाने पुन्हा ई-लिलाव आणले. नदीपात्रातील गटासाठी दोन वर्षे मुदत, गटातील १० टक्के वाळू घरकुलांसाठी राखीव, आणि घरकुल लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत, अशा त्यात तरतुदी आहेत. ज्या सभासदांच्या घरी घरकुल मंजूर आहे, त्यांनी तहसील कचेरीत याची चौकशी जरूर करावी.

त्याच वर्षी २३ मे रोजी कृत्रिम वाळूचे, म्हणजे आपण जिला 'क्रश सँड' म्हणतो तिचे धोरण आले. तेव्हा त्यात प्रत्येक जिल्ह्यात पहिल्या ५० प्रकल्पांना सवलत ठरली, स्वामित्वधन ब्रासला ६०० ऐवजी २०० रुपये. वाघोली, लोणीकंद, भावडीच्या बाजूचे क्रशर आपल्या लोकांना नवे नाहीत. चऱ्होलीत ज्या इमारती उभ्या राहात आहेत, प्रधानमंत्री आवास योजनेची महापालिकेची घरे धरून, तेवढे सगळे बांधकाम नदीच्या वाळूवर होणे शक्यच नाही. उद्याची वाळू दगडातून येणार, हे ठरलेले आहे. मात्र दगडाची खाण म्हणजेही डोंगराचा उपसाच. नदी वाचवायला टेकडी खायची वेळ येऊ नये, यासाठी तिथेही तेच डोळे उघडे ठेवावे लागतील.

राबवायचे कोणी?

गावपातळीवर पहिला माणूस तलाठी. २०२४ साली त्यांचे पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' असे झाले, तरी लोक तलाठीच म्हणतात. वर मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत आणि जिल्हाधिकारी. चऱ्होली बुद्रुकला अपर तहसीलदार, पिंपरी-चिंचवड. खुर्दला खेडचे तहसीलदार. वाहतुकीचा पास 'महाखनिज' या शासनाच्या संगणक प्रणालीतून निघतो. त्यावर वाहनाचा क्रमांक, माल, ठिकाण आणि वेळ असते.

दोन तालुक्यांचे महसूल कर्मचारी एकाच रात्री नदीवर असणे अवघड. अलीकडच्या काठाने धाड आली, की पलीकडच्या काठाने पळ, हा खेळ महाराष्ट्रातल्या प्रत्येक हद्दीच्या नदीवर चालतो. भीमेच्या खालच्या अंगाला, दौंड-इंदापूरच्या बाजूला आणि उजनीच्या फुगवट्यात तर यांत्रिक बोटी लावून उपसा होतो. महसूल आणि पोलीस खाते त्या बोटी पकडून जिलेटिनने उडवून देते. चार दिवसांनी नवी बोट पाण्यात! या धंद्यातला पैसा किती आहे, हे त्यावरून ओळखावे. अडवायला गेलेल्या तलाठ्यांच्या आणि तहसीलदारांच्या अंगावर वाहने घातल्याच्या बातम्या आपण वाचतोच. २०१५ साली झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांना स्थानबद्ध करण्याच्या १९८१ च्या कायद्यात वाळूतस्करांची भर घालावी लागली, ती उगीच नव्हे.

महापालिकेचे काय? वाळूचा परवाना महापालिका देत नाही. परंतु बांधकामाचा परवाना तीच देते, आणि पूररेषेची जबाबदारी तिच्यावर आहे. थोडे वर चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत बांधलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार महापालिकेने १७ मे २०२५ रोजी पाडले. म्हणजे मनात आणले तर नदीचा कायदा राबविता येतो. मात्र तो आधी राबविला असता, तर घरे बांधून मग पाडण्याची पाळी आली नसती. बांधकामाला दाखला देताना 'वाळू कुठून आणली, पास दाखवा' एवढा एक प्रश्न विचारला, तरी नदीवरचे निम्मे काम कचेरीत बसून होईल, असे आमचे नम्र मत आहे.

आणि ग्रामसभा? खुर्दच्या लोकांना ती आहे, बुद्रुकच्या लोकांना नाही. आबा म्हणाले, "आमी शहरात गेलो, नळ आला, डांबर आलं. पन नदीवर बोलायची जागा गेली." आम्ही गप्प राहिलो. या वाक्याला उत्तर नव्हते.

दंडाचा हिशेब

आता आपल्या त्या तरुण सभासदाकडे परत येऊ. कलम ४८ (७) प्रमाणे परवानगीवाचून काढलेल्या गौण खनिजाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. शिवाय वाहन सोडवायची शास्ती वेगळी. २०१८ च्या जानेवारीतील अधिसूचनेने ट्रॅक्टर-ट्रॉलीला १ लाख, डंपरला २ लाख, बार्ज-बोटीला ५ लाख आणि पोकलेनसारख्या यंत्राला साडेसात लाख अशी ती ठरविली. वर जातमुचलका.

समजण्यापुरता एक हिशेब करू. ट्रॉलीत एक ब्रास वाळू, बाजारभाव ६,००० रुपये धरला. पाचपट ३०,०००. स्वामित्वधन ६००. ट्रॅक्टरची शास्ती १,००,०००. एकूण १,३०,६०० रुपये. खेपेचे पंधराशे धरले, तर हा दंड भरायला ८८ खेपा माराव्या लागतील, आणि त्याही डिझेल फुकट मिळाले तर! गाडी उभी राहिली त्या महिन्यांचा हप्ता, टोळीला दिलेली उचल, बुडालेला हंगाम हे वेगळेच. यातच चोरीचा गुन्हा दाखल होऊ शकतो. पूर्वी तो दंड संहितेच्या कलम ३७९ खाली होई, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेखाली. खाण कायदा लागला म्हणून चोरीचे कलम लागत नाही, ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच बंद केली आहे.

"आन् ज्यानं वाळू भरली, त्यो मोकळाच," असे तो तरुण म्हणाला. त्याचा राग आम्हांला समजतो. पुष्कळदा खरोखरीच असे होते. पोकलेनवाला रातोरात यंत्र हलवितो, खरीददाराला कोणी विचारीत नाही, आणि रस्त्यावर सापडतो तो आपला ट्रॅक्टरवाला. हा न्याय नव्हे, हे आम्ही स्पष्टपणे लिहितो. यंत्रणेने वरच्या माणसापर्यंत पोहोचले पाहिजे. परंतु म्हणून आपली खेप निर्दोष ठरत नाही. चोराच्या हातची लंगोटी झालो, तरी धरल्यावर मार आपल्यालाच बसतो.

शिवाय एक प्रश्न आम्ही त्याला विचारला. ज्या पात्रातून तू वाळू भरलीस, त्याच्या काठी कोणाची विहीर होती? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तितं बी ऊसच हुता."

आपल्या शेताचे काय?

काही सभासदांनी विचारले, की पुराने आमच्याच शेतात वाळू येऊन पडली, तर ती काढणेही गुन्हा का? २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने काही कामांना पर्यावरण मंजुरीतून सूट दिली आहे. पुरानंतर शेतातील वाळू शेतकऱ्याने काढणे, कुंभाराने हाताने माती-वाळू काढणे, शेताची किंवा पिण्याच्या पाण्याची विहीर खणणे, गावतळ्यातील गाळ काढणे, ही कामे त्यात आहेत. मात्र ही सूट पर्यावरण मंजुरीपुरती. महसूल खात्याची परवानगी आणि वाहतुकीचा पास यांतून सुटका झाली, असे कोणी समजू नये. शेतातली वाळू रस्त्यावर आली, की ती कुठली हे तोंडाने सांगून भागत नाही, कागद लागतो. तेव्हा आधी अर्ज, मग फावडे.

आपण काय करू शकतो?

दुसऱ्याला उपदेश सोपा असतो, म्हणून आरंभ घरापासून करू. आपल्यापैकी किती जणांनी घर बांधताना गवंड्याला पास विचारला? आम्हीही नाही विचारला, हे कबूल करतो. रात्री ट्रॉली आली, सकाळी ढीग दिसला, आपण पैसे दिले. त्या ढिगाखाली कोणाचा तरी झिरा होता. तेव्हा येथून पुढे काही गोष्टी पाळाव्यात, अशी आमची सर्व सभासदांना विनंती आहे :

१) हंगामाबाहेर ट्रॅक्टर भाड्याने द्यायचा असेल, तर गौण खनिजाच्या प्रत्येक खेपेचा पास स्वतः पाहावा. क्रमांक आपल्याच गाडीचा आहे ना, तारीख-वेळ उलटलेली नाही ना, हे तपासावे. "मालकाकडं हाय" हे उत्तर चालत नाही.

२) घराला, गोठ्याला वाळू घेताना पास आणि पावती मागावी. शक्य तिथे चांगल्या प्रतीची, धुतलेली कृत्रिम वाळू वापरावी.

३) गाडी अडकलीच, तर दलालाच्या नादी लागू नये. पंचनाम्याची आणि आदेशाची प्रत मागून घ्यावी. महसूल अधिनियमात अपिलाची तरतूद आहे, तिला मुदत असते, ती चुकवू नये.

४) जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर ठेवून लोकांच्या हरकतींसाठी २१ दिवस देण्याची तरतूद आहे. आपल्या जॅकवेलजवळचा, बंधाऱ्याजवळचा भाग त्यात वाळूगट म्हणून दाखविला असेल, तर बोलायची वेळ तीच. लिलाव झाल्यावर रस्त्यावर आडवे पडून उपयोग थोडा.

५) ज्या गावांना ग्रामसभा आहे, त्यांनी वाळूचा विषय आला, की सभेला जावे. कोरम नाही म्हणून पंधरा मिनिटांत उरकलेल्या सभेत नदी विकली जाते. ज्यांना ग्रामसभा नाही, त्यांनी पाणीवापर संस्था आणि उपसा सिंचन संस्थेमार्फत लेखी निवेदन द्यावे. दोन्ही काठांनी मिळून एकच निवेदन दिले, तर उत्तमच.

आणि एक सूचना आपल्या कारखान्यासाठी. ऊस वाहतुकीच्या करारात, हंगामाबाहेर वाहन विनापास गौण खनिजाला लावणार नाही, असे एक कलम घालता येईल. त्याच वेळी, या ट्रॅक्टरांना उन्हाळ्यात मळी, कंपोस्ट, बेणे, धरणातला परवानगीचा गाळ असे काम लावून देता येईल का, याचाही विचार व्हावा. नुसते 'हे करू नको' सांगून हप्ता भरला जात नाही. हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनी अवश्य मांडावा.

निघताना

आळंदीला वारीच्या दिवसांत लाखो माणूस येते. पंढरीला काय नि आळंदीला काय, वारकऱ्याच्या तोंडी 'वाळवंट' हा शब्द फार गोड. दुसऱ्या मुलखात वाळवंट म्हणजे पाणी नसलेली ओसाड जागा. आपल्याकडे वाळवंट म्हणजे पाण्याकाठची, टाळमृदंगाची, लहानथोर एका पातळीवर उभे राहण्याची जागा. वाळू गेली, तर हा शब्दही परक्यांच्या अर्थाने वापरण्याची पाळी आपल्यावर येईल.

आबांचा निरोप घेताना आम्ही विचारले, "आबा, वाळू परत येईल का हो?"

ते म्हणाले, "येती की. नदी देती. पन तिला सवड द्याया पायजे."

त्या तरुणाचे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. त्याने दंडाची रक्कम नातेवाइकांकडून आणि बायकोचे गंठण ठेवून उभी केली. गाडी सुटेपर्यंत हंगाम दीड महिना पुढे गेला होता आणि टोळी दुसऱ्याकडे गेली होती. उरलेला हंगाम त्याने एका नातलगाच्या गाडीमागे ट्रेलर जोडून काढला. यंदा गाडीतळावर तो पुन्हा भेटला. गाडीच्या काचेवर त्याने आतून एक कागद चिकटविला आहे. देवाचे नाव किंवा गाण्याची ओळ नव्हे. स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे : 'पास दाखवा, मग भरा.'

आम्हांला वाटते, हा कागद आपल्या प्रत्येक गाडीवर असावा.